नवा ऑफिस प्रिंटर दर सोमवारी ‘ऑफलाइन’ का होतो? आणि परत परत येणाऱ्या आणखी काही तक्रारी

प्रिंटर नवाकोरा आहे, वॉरंटीत आहे, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत बिनतक्रार चालला. सोमवारी पहिली प्रिंट दिली की संगणक म्हणतो ‘ऑफलाइन’. मग कुणी प्रिंटर बंद करून चालू करतं, कुणी राउटरची पिन काढून लावतं, कुणी ड्रायव्हर (संगणकाला प्रिंटरशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकतं. अर्ध्या तासात प्रिंट निघते, सगळे कामाला लागतात, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच.

गंमत अशी की या तिन्ही उपायांनी प्रिंटर खरंच चालू होतो. त्यामुळे मूळ कारण शोधायला कुणी बसत नाही. परत येणाऱ्या तक्रारीत माझा पहिला प्रश्न असतो: हे नेमकं कधी होतं? सुट्टीनंतर? फक्त दोन्ही बाजूंनी छापताना? एकाच माणसाच्या लॅपटॉपवरून? झेरॉक्स काढताना होतं आणि प्रिंट देताना होत नाही? एवढ्यावर निम्मं निदान होतं, तेही स्क्रू ड्रायव्हर हातात न घेता.

सोमवारचं कोडं

राउटर नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता देतो, पण तो कायमचा नसतो, मुदतीचा असतो. बऱ्याच राउटरांवर ही मुदत एका दिवसाची असते. विंडोज सर्व्हर पत्ते वाटत असेल तर मूळ सेटिंग ८ दिवसांचं असतं. शनिवार-रविवार प्रिंटर बंद राहिला, मुदत संपली, आणि तेवढ्यात कुणाच्या तरी मोबाइलला तोच पत्ता मिळाला, की सोमवारी प्रिंटर उठतो तो नव्या पत्त्यावर. संगणक मात्र जुन्याच दारावर थाप मारत राहतो. पत्ता मधल्या काळात दुसऱ्या कुणाला गेला नसेल तर प्रिंटरला बहुतेक वेळा जुनाच मिळतो, म्हणून ही तक्रार एखादा सोमवार चुकवतेसुद्धा. ड्रायव्हर पुन्हा टाकल्यावर प्रिंट का निघते, तेही आता लक्षात येईल: त्या निमित्ताने संगणक नवा पत्ता शोधतो.

खात्री करणं सोपं आहे. प्रिंटरच्या पॅनेलवर नेटवर्क माहिती उघडा किंवा कॉन्फिगरेशन पेज छापा आणि त्यावरचा आयपी पत्ता बघा. मग संगणकावर प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये ‘पोर्ट्स’ टॅबवर टिकमार्क असलेली ओळ बघा. दोन्ही पत्ते वेगळे असले तर रोग सापडला.

उपाय राउटरमध्ये करायचा. प्रिंटरचा मॅक पत्ता (कारखान्यातच दिलेला, नेटवर्कवरची त्याची ओळख असलेला क्रमांक) घेऊन तिथे त्याच्यासाठी एक आयपी राखून ठेवायचा. बरेच जण प्रिंटरच्या पॅनेलवर जाऊन मनाने कुठलाही पत्ता पक्का करून टाकतात. तो पत्ता राउटरच्या वाटपाच्या टप्प्यातला असेल तर राउटर तोच दुसऱ्या यंत्राला देऊन बसतो आणि मग दोघांची भांडणं सुरू होतात. आणखी एक फसवी जागा: केबल आणि वाय-फाय यांचे मॅक पत्ते वेगवेगळे असतात. वाय-फायचा पत्ता राखून ठेवला आणि नंतर कुणी केबल लावली, की केलेलं काम वाया.

राखीव पत्ता दिला तरी अर्धं काम उरतं. विंडोज स्वतःहून प्रिंटर जोडतं तेव्हा बऱ्याचदा ‘डब्ल्यूएसडी’ नावाचं पोर्ट वापरतं. हे पोर्ट नेटवर्कवर हाका मारून प्रिंटर शोधतं. घरात ते ठीक आहे. ऑफिसात जिथे नेटवर्कचे वेगवेगळे भाग पाडलेले असतात किंवा वाय-फायवर यंत्रांना एकमेकांपासून तोडलेलं असतं, तिथे ही हाक पोचत नाही. म्हणून:

१. प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, मग ‘अ‍ॅड पोर्ट’ आणि त्यात ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडा.
२. राखून ठेवलेला आयपी पत्ता टाका, नव्या पोर्टवर टिकमार्क आहे ना ते बघा.
३. ‘कॉन्फिगर पोर्ट’ उघडा आणि ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’समोरची खूण काढून बघा.

तिसरी पायरी बरेच जण गाळतात. विंडोज एसएनएमपी वापरून प्रिंटरला ‘आहेस ना?’ असं विचारत असतं. नेटवर्क सांभाळणाऱ्यांनी सुरक्षेसाठी प्रिंटरवर ती सोय बंद केली असेल तर उत्तर येत नाही, आणि छापायला पूर्ण तयार असलेल्या प्रिंटरला विंडोज ऑफलाइन ठरवतं. ती खूण काढल्याचा तोटा इतकाच की टोनर-कागदाची स्थिती संगणकावर कदाचित दिसणार नाही.

एवढं करूनही तक्रार राहिली तर दोन गोष्टी तपासा. एक, वीज वाचवण्याची सेटिंग्ज. स्लीपमधला प्रिंटर नेटवर्कवरून प्रिंट आली की जागा होतो. ‘ऑटो पॉवर ऑफ’ झालेला होत नाही, बटणच दाबावं लागतं. दोन, वाय-फायचा बँड, म्हणजे तो कुठल्या लहरींवर चालतो ते. छोट्या ऑफिससाठीचे अनेक प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि राउटर दोन्ही बँड एकाच नावाने देत असेल तर अधूनमधून जोडणी अडखळते. माझं मत विचाराल तर जो प्रिंटर जागचा हलत नाही त्याला वाय-फाय कशाला? केबल ओढा.

दर तीन महिन्यांनी स्कॅन बंद

प्रिंट निघते, पण स्कॅन फोल्डरमध्ये जात नाही. कालपर्यंत जात होतं. ही तक्रार ठरावीक महिन्यांनी येत असेल तर जवळजवळ नक्कीच पासवर्डची भानगड आहे: स्कॅनसाठी कुणा कर्मचाऱ्याचं खातं वापरलेलं असतं, नियमाप्रमाणे त्याचा पासवर्ड बदलतो, आणि प्रिंटरच्या अ‍ॅड्रेस बुकात जुनाच राहतो. फक्त स्कॅनसाठी, फक्त त्या एका फोल्डरपुरती परवानगी असलेलं वेगळं खातं काढा.

विंडोज अपडेटनंतर बंद पडलं असेल तर कारण वेगळं. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये फाइल पोचवण्याच्या पद्धतीला एसएमबी म्हणतात. तिची पहिली आवृत्ती २०१७ पासून विंडोज १० मध्ये आपोआप येत नाही, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो आणि एंटरप्राइझमध्ये एसएमबीसाठी डिजिटल सही सक्तीची झाली आहे. पासवर्डाविना ‘गेस्ट’ म्हणून शिरणंही बंद झालं आहे. नव्या प्रिंटरना हे सगळं जमतं, पण जुन्या यंत्राचीच सेटिंग्ज जशीच्या तशी उतरवलेली असतात. प्रिंटरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं, त्याला चालवणारं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, एसएमबी २ किंवा ३ चालू करा. ‘एसएमबी १ परत चालू करा, लगेच होतं’ असा सल्ला हमखास मिळेल. होतंही. पण एका स्कॅनसाठी संगणकाचं सगळ्यात जुनं भगदाड उघडं ठेवण्यात शहाणपण नाही.

ईमेलवर स्कॅन पाठवताना जीमेल खात्याचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही. दुहेरी पडताळणी चालू करून अ‍ॅप पासवर्ड, म्हणजे फक्त प्रिंटरला द्यायचा वेगळा पासवर्ड, काढावा लागतो.

पानावरचा डाग: पट्टी आणा

लेसर प्रिंटरच्या दोषांत मला सगळ्यात आवडणारा प्रकार हा, कारण इथे शाळेतली पट्टी सर्व्हिस इंजिनिअरचं काम करते. पानावर काळा ठिपका येतोय, तोच ठिपका खाली पुन्हा, आणखी खाली पुन्हा. एका ठिपक्याच्या वरच्या कडेपासून पुढच्याच्या वरच्या कडेपर्यंत अंतर मोजा. आतला कुठला तरी रोलर फिरताना दर फेरीला तो ठिपका उमटवतोय, म्हणजे हे अंतर म्हणजे त्या रोलरचा परीघ. ड्रम म्हणजे ज्यावर पानाची प्रतिमा आधी तयार होते तो दंडगोल. २४ मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा परीघ साधारण ७५ मिलिमीटर. ३० मिलिमीटरच्या ड्रमचा ९४. ए-फोर पान २९७ मिलिमीटर लांब, त्यामुळे ७५ च्या अंतराने येणारा ठिपका एका पानावर तीन-चार वेळा दिसेल. अंतर ३८ च्या आसपास असेल तर १२ मिलिमीटर व्यासाच्या एखाद्या छोट्या रोलरवर संशय घ्या. प्रत्येक मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये या अंतरांचा तक्ता असतो. तो मिळवा आणि यंत्राच्या झाकणावर आतून चिकटवून ठेवा.

मोजूनही शंका राहिली तर प्रिंट अर्ध्यात थांबवून बघा. कागद निम्मा आत गेला की पुढचं झाकण उघडा, कार्ट्रिज काढा, कागद हलक्या हाताने बाहेर घ्या. त्यावरचा टोनर अजून पक्का झालेला नसतो, बोट लावाल तर पुसला जाईल. फ्यूझरपर्यंत (उष्णतेने टोनर कागदावर पक्का करणाऱ्या भागापर्यंत) न पोचलेल्या भागात डाग दिसला तर दोष कार्ट्रिजकडे किंवा ट्रान्सफर रोलरकडे (ड्रमवरचा टोनर कागदावर ओढणाऱ्या रोलरकडे). तिथे पान स्वच्छ असेल आणि पूर्ण छापल्यावर डाग येत असेल तर फ्यूझर. कार्ट्रिज बाहेर असेपर्यंत त्यावर जाड कापड टाका, ड्रमला उजेड सोसत नाही. ड्रमच्या चकचकीत हिरव्या-निळ्या पृष्ठभागाला बोट लावू नका, स्पिरिट तर नकोच. फ्यूझर २०० अंशांच्या आसपास तापलेला असतो, त्याला हात घालण्याआधी यंत्र निवू द्या. टोनर कपड्यावर सांडला तर झटका आणि थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने तो कापडात वितळून बसतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनरही नको, टोनरचे कण त्याच्या फिल्टरमधून आरपार जातात.

छापलेला मजकूर बोटाने घासून निघत असेल तर आधी टोनर बदलू नका. ट्रेमध्ये जाड कागद आणि सेटिंगमध्ये ‘प्लेन’ असा घोळ आहे का ते पाहा. कागदाचा प्रकार बरोबर निवडला की प्रिंटर त्याला जास्त उष्णता किंवा जास्त वेळ देतो.

आता हकनाक पैसे घालवणारा दोष: पानभर वरपासून खालपर्यंत एक बारीक उभी रेघ. झेरॉक्समध्ये येते, संगणकावरून दिलेल्या प्रिंटमध्ये येत नाही. तरीही आधी टोनर बदलला जातो, मग ड्रम, मग कंपनीला शिव्या. वरच्या फीडरमधून कागद टाकल्यावर तो मोठ्या काचेवर जात नाही. तिच्या शेजारच्या बोटभर रुंदीच्या अरुंद काचेवरून सरकतो आणि स्कॅनर तिथेच स्थिर राहून वाचतो. त्या काचेवर व्हाइटनरचा किंवा डिंकाचा मोहरीएवढा ठिपका बसला की तो प्रत्येक पानावर रेघ होऊन उतरतो. डोळ्यांना तो सहसा दिसत नाही. नखाने चाचपलं की लागतो. ओलसर मऊ कापडाने पुसा, रेघ गेली. हाच कागद मोठ्या काचेवर ठेवून स्कॅन केल्यावर रेघ येत नसेल तर निदान पक्कं.

कागद अडकतो, पण रोलर तर नवा आहे

जुन्या यंत्रात कागद अडकला की ट्रेमधून कागद उचलणारा पिकअप रोलर गुळगुळीत झालाय म्हणता येतं. नव्यात ते कारण सहसा नसतं. मग आधी कागदाकडे बघा. रीम फोडून उघडी ठेवली की कागद हवेतली ओल धरतो, कडा लाटांसारख्या होतात. एका बाजूने नीट छापून दुसऱ्या बाजूला अडकत असेल तर ओलसर, वळलेला कागद हा पहिला संशयित. बंद पुडक्यातला कागद घालून पाहा. ट्रेमधले दोन्ही बाजूंचे मार्गदर्शक कागदाला टेकलेले हवेत, दाबलेले नकोत. पॅकिंगची रंगीत टेप आत कुठे राहिली आहे का तेही बघा, नव्या यंत्रात ही शक्यता हसण्यावारी नेऊ नका.

अडकलेला कागद दोन्ही हातांनी, तो ज्या दिशेने जाणार होता त्याच दिशेने ओढायचा. फाटला तर सगळे तुकडे टेबलावर मांडून पान जुळवा. कोपरा कमी भरला तर तो कोपरा आत आहे, आणि उद्याच्या तक्रारीचं कारणही तोच. कागद अजिबात नसताना ‘पेपर जॅम’ दिसत असेल तर कागद ओळखणारी एखादी छोटी प्लॅस्टिकची काडी असल्या तुकड्याखाली दबलेली असते. ती बोटाने हलवली की स्प्रिंगने परत आली पाहिजे.

टाकीवाले इंकजेट

एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात शाईच्या टाकीचे प्रिंटर आणले, नंतर कॅनन, एचपी, ब्रदरही त्या वाटेने गेले, आणि आता अनेक छोट्या ऑफिसांत लेसरच्या जागी हेच दिसतात. एप्सनने तर २०२६ पर्यंत लेसर प्रिंटरची विक्री थांबवण्याचं २०२२ मध्येच जाहीर केलं. फ्यूझर नसल्याने वीज कमी लागते, हा त्यांचा खरा फायदा.

तक्रार एकच, परत परत: रंग तुटतो, पट्ट्या येतात. कारण बऱ्याचदा भिंतीवरच्या बटणात असतं. संध्याकाळी जाताना कुणीतरी सगळ्या यंत्रांची वीज बोर्डावरून बंद करतं. प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबलं तर तो हेड (शाई फवारणारा भाग) जागेवर नेऊन त्याला रबरी टोपी घालतो; थेट वीज तोडली आणि हेड मधेच असला तर रात्रभर उघडा राहून सुकतो. मग रोज हेड क्लीनिंग चालवलं जातं, प्रत्येक वेळी शाई जाते, ती सगळी टाकाऊ शाईच्या डब्यात किंवा पॅडमध्ये साठते, आणि ते भरलं की यंत्र काम थांबवतं. नोझल चेकचं, म्हणजे शाईची बारीक छिद्रं तपासणारं पान आधी छापा. त्यात तुटलेलं दिसलं तरच क्लीनिंग करा.

बाजार बदलतोय तसे दोषही बदलतायत

१९८४ च्या पहिल्या एचपी लेसरजेटमध्ये इंजिन कॅननचं होतं. म्हणजे बाहेर एकाचं नाव आणि आत दुसऱ्याचं यंत्र, ही गोष्ट या धंद्यात जुनीच. अलीकडे मात्र एकत्र येण्याचा वेग वाढलाय. एचपीने सॅमसंगचा प्रिंटर व्यवसाय २०१७ मध्ये ताब्यात घेतला, रिको आणि तोशिबा टेक यांनी २०२४ मध्ये यंत्रनिर्मितीसाठी एट्रिया ही संयुक्त कंपनी सुरू केली, झेरॉक्सने २०२५ मध्ये लेक्समार्क विकत घेतली. नवं यंत्र घेणाऱ्याने पानांच्या वेगाआधी विचारावं असा प्रश्न: या मॉडेलचे सुटे भाग आणि फर्मवेअर किती वर्षं मिळणार, आणि ते लेखी देता का?

दुसरा बदल ड्रायव्हरचा. २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये (छापायच्या कामांची रांग सांभाळणाऱ्या भागात) ‘प्रिंटनाइटमेअर’ ही गंभीर त्रुटी निघाली. पुढे २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने कंपन्यांचे स्वतंत्र ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने मागे सारून आयपीपी आणि मोप्रिया या सगळ्या कंपन्यांना सामाईक छपाई-मानकांवर चालणारा सर्वसामान्य ड्रायव्हर पुढे आणण्याचं जाहीर केलं. याचा रोजच्या तक्रारींशी थेट संबंध आहे. ‘स्टेपल करायचा पर्याय गायब झाला’, ‘पिन टाकून प्रिंट काढता येत नाही’ अशी तक्रार आली की प्रिंटर उघडू नका, कुठला ड्रायव्हर लागलाय ते बघा. सर्वसामान्य ड्रायव्हरला अशा खास सोयी नेहमीच दिसतात असं नाही. कंपनीचं जोड-अ‍ॅप टाकल्यावर बऱ्याचदा परत येतात.

तिसरा बदल कार्ट्रिजवरच्या चिपचा, आणि यावर माझा राग लपवत नाही. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरांनी आदल्या दिवसापर्यंत चालणारी इतरांची कार्ट्रिजं नाकारायला सुरुवात केली; फर्मवेअरमधली तरतूद त्या दिवशी जागी झाली होती. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्कच्या खटल्यात ठरवलं की एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर कंपनीचा पेटंटचा हक्क उरत नाही. पण निकाल पेटंटपुरता. चिप आपलं काम करतच राहते. तेव्हा ‘कार्ट्रिज ओळखत नाही’ असा संदेश अचानक आला तर चिपवरचे सोनेरी ठिपके कोरड्या कापडाने पुसून पाहा, आणि लगेच फर्मवेअरची आवृत्ती पाहा. ती बदललेली असेल तर दोष कार्ट्रिजचा नाही. वर्गणीवर येणाऱ्या कार्ट्रिजचं आणखी निराळं: योजना बंद झाली किंवा प्रिंटर बराच काळ इंटरनेटपासून तुटला, तर शाई भरलेली असूनही छपाई थांबू शकते.

‘नव्या प्रिंटरचा टोनर लगेच संपला’ ही तक्रार बहुधा तक्रार नसतेच. अनेक यंत्रांसोबत कमी भरलेलं स्टार्टर कार्ट्रिज येतं. खोक्यावरचा पानांचा आकडा आयएसओ/आयईसी १९७५२ सारख्या मानकाच्या चाचणी-पानांवर काढलेला असतो, ज्यांत शाईने झाकलेला भाग सुमारे ५ टक्के असतो. तुम्ही गडद पट्ट्यांचे तक्ते छापत असाल तर तो आकडा तुमच्यासाठी नाही.

सर्व्हिसला फोन करण्याआधी

कॉन्फिगरेशन पेज छापून ठेवा: अनुक्रमांक, फर्मवेअर आवृत्ती, एकूण पानांचा काउंटर तिथे मिळतो. दोष असलेल्या पानाचा फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा. एरर कोड शब्दशः लिहून घ्या, ‘काहीतरी लाल लाइट लागतो’ यावर फोनवरचा माणूस काहीच करू शकत नाही. आणि कुणी ‘फॅक्टरी रीसेट मारून बघा’ म्हणालं तर आधी प्रिंटरच्या वेब पेजवरून अ‍ॅड्रेस बुक आणि सेटिंग्जची फाइल उतरवून घ्या. रीसेटमध्ये बहुधा स्कॅनचे सगळे पत्ते आणि नेटवर्कची सेटिंग्ज पुसली जातात.